तीन नंबरला कुणी फोडलं?

गेल्या वर्षी मी आमच्या गावातला एक माणूस पळवला, असं निम्म्या गावाचं अजून म्हणणं आहे. उरलेल्या निम्म्या गावाचं म्हणणं असं, की मंजूवहिनींनी स्वतः नाही पळवला, नुसता हुकूम सोडला.

मी! न्हाणीत पाल दिसली तर ओल्या केसांनी शेजारच्या घरात जाऊन बसणारी बाई मी! रस्त्यात म्हैस आडवी आली, तर ती आपणहून बाजूला होईपर्यंत मी "अहो, जरा..." म्हणत उभी राहते. अशा बाईच्या नावानं आता गावातल्या आया पोरांना जेवू घालतात. ("खा गप, न्हाईतर मंजूवैनीला बोलावीन!")

आणि हे सगळं एका कादंबरीपायी झालं.

माझं माहेर सांगलीचं, सासर उंब्रजजवळच्या एका लहानशा गावातलं. घरात माणसं मोजकी. नवरा दिलीप, ऊस आणि हळद करतो, आणि माझ्याइतकाच भित्रा आहे. (म्हणूनच आमचा संसार शांततेत चाललाय. भांडण सुरू करायचं धाडस दोघांतही नाही.) सासरे म्हणजे तात्या, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पण निवृत्तीची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही. ते "चहा" म्हणाले तरी माझ्या हातून साखर सांडते.

वाचायचा नाद घरात मला एकटीलाच. पण आटपाडीला दिलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई, शकुंतलावन्सं, या माझ्यापेक्षा दुप्पट वाचतात. त्यांची डाळिंबाची बाग आहे. बागेच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाका मारून मारून त्यांचा आवाज असा झालाय, की त्यांचा फोन आला तर तो कानाला लावायचीच गरज पडत नाही. फोन शेजारच्या खोलीत असला तरी चालतो.

सांगलीला पुस्तकांच्या प्रदर्शनात मी एकाच कादंबरीच्या दोन प्रती घेतल्या, एक मला, एक वन्संना. परदेशी कादंबरी, मराठीत आणलेली, विटेएवढी जाड. मुखपृष्ठावर कोर्टातला हातोडा आणि हातोड्यावर रक्ताचा एक थेंब. तो थेंब बघूनच मी पुस्तक उलटं ठेवत असे.

गोष्ट अमेरिकेतली. एक पूल पडतो, माणसं मरतात, आणि ठेकेदारावर खटला उभा राहतो. निकाल द्यायचा बारा साध्यासुध्या माणसांनी. त्यांना ज्यूरी म्हणतात. सगळ्यांना नंबर दिलेले. मग तो ठेकेदार गुपचूप एक बाई नेमतो. ती बाई कधी ओरडत नाही, कधी धावत नाही, नुसती मंद हसते आणि एकेका ज्यूरीवाल्याला फोडते. कुणाला आमिष, कुणाला धाक. तीन नंबरचा ज्यूरीवाला म्हणजे एक बेकरीवाला, भला माणूस. तो काही केल्या फुटत नाही. एक दिवस त्याच्या बायकोला पोस्टानं एक पाकीट येतं. पाकिटात तिच्याच स्वयंपाकघराचा फोटो, आणि तोही आतून काढलेला!

तिथं मी पुस्तक मिटलं, उठून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी लावली, फडताळामागं कुणी आहे का बघितलं, आणि मगच पुढं वाचलं.

आमचा नणंद-भावजयींचा नियम असा होता, की थोडी थोडी पानं झाली की फोनवर आवाजी निरोप पाठवून आपापलं मत द्यायचं. वन्संचं मत पहिल्यापासून ठाम.

"अगं मंजू, ह्या बाईला कामच जमंना. बारा जणांच्या मागं एकदम कशाला लागायचं? एक धरायचा, त्याच्या नात्यातला दुसरा हुडकायचा. आमच्यात दूध सोसायटीला असंच करत्यात."

"पण वन्सं, मला त्या बेकरीवाल्याची फार काळजी वाटते हो," मी म्हणायची.

"काळजी कशाची? त्यो काय आपल्या पावण्यातला हाय?"

आता याच दिवसांत आमच्या गावात उपसरपंचाची निवड आली, यात माझा काय दोष? तात्यांच्या आग्रहापायी दिलीप ग्रामपंचायतीचा सदस्य झाला होता, आणि त्यांच्याच आग्रहापायी उपसरपंचपदाला उभा राहिला होता. त्याच्या बाजूनं चार सदस्य, विरोधी बाजूला चार. आणि अगदी मधोमध, कुणाच्याच बाजूला नसलेला, तीन नंबर वॉर्डाचा सदस्य संपत.

हो. तीन नंबर.

अशा वेळी आमच्याकडे सदस्यांना ‘सहली’ला नेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पांढरी गाडी येते, माणूस जातो, आणि मतदानाच्या दिवशी गोवा बघून, गॉगल घालून परत येतो. तात्यांना ते मान्य नव्हतं. "मत मागायचं. माणूस न्यायचा न्हाई," असं त्यांनी चावडीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. गावात त्यांची जी काही पत होती ती या एका गोष्टीवर.

एका सकाळी मी जोंधळ्याचा डबा घेऊन गिरणीत गेले. ओळीत पाच-सहा बाया होत्या. माझ्या पुढं संपतची आई, हौसाकाकू. गिरण घरघरत होती, पट्टा फटफटत होता, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात वन्संचा निरोप आला. मला राहवेना. मी आवाज पूर्ण मोठा केला, तरी काही ऐकू येईना, म्हणून फोन कानाजवळ धरला.

आणि वीज गेली!

पट्टा थांबला. गिरण थांबली. भिंतीवरचं पीठसुद्धा खाली पडायचं थांबलं असेल. त्या शांततेत आटपाडीहून वन्संचा आवाज दणाणला:

"...त्यो तीन नंबरचा धर! त्यो फुटला की खेळ खलास. पैशाला भुलायचा न्हाई, भला माणूस हाय. त्याला भ्या दाखवायचं. तरीबी ऐकलं न्हाई, तर त्याच्या बायकूला उचलायची! मग बघ कसा पळत येतोय मत द्यायला!"

ओळीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी थांबवायचं बटण दाबलं. पण बोटाला पीठ! फोन दाद देईना. जोरात दाबलं, तर निरोप पहिल्यापासून सुरू झाला! पुन्हा एकदा तीन नंबर, पुन्हा एकदा भला माणूस, पुन्हा एकदा बायकू. शेवटी मी फोन जोंधळ्याच्या डब्यात खुपसला. जोंधळ्यातूनही वन्सं स्पष्ट ऐकू येत होत्या.

हौसाकाकूंचा चेहरा भिंतीवरच्या पिठासारखा झाला होता.

"काकू, कादंबरी आहे हो ती!" मी कशीबशी म्हणाले.

"कादंबरी? ती कोण आणि? कुठल्या वाडीची?"

"नाही नाही, म्हणजे पुस्तक! अमेरिकेतलं!"

"आता अमेरिकेतनं माणसं मागवलीसा व्हय गं?" असं म्हणून त्या डबा तिथंच टाकून पळत सुटल्या. त्यांच्या मागं मीही पळाले, पण उलट्या दिशेनं, घराकडे. आत आले, कडी घातली आणि तांदळाच्या पोत्याला टेकून बसले. कादंबरीतली ती बाई अशा वेळी मंद हसायची. मला उचकी लागली होती.

दुपार व्हायच्या आत बातमी आली. संपत गायब! त्याच्या घराला कुलूप, बायको पण नाही. फोन बंद. त्याची मोटारसायकल उंब्रजला पुलाखाली सापडली, किल्ली तशीच लावलेली.

खरं सांगते, त्या क्षणी मी जेवढी घाबरले, तेवढं आजवरच्या कुठल्याच पुस्तकानं मला घाबरवलं नव्हतं. कारण पुस्तकात पुढचं पान असतं. इथं पुढं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विरोधी बाजूनं खरंच नेलं असेल तर? आणि घाबरून त्यानं जिवाचं काही केलं असेल तर? पुलाखाली गाडी का लावली असेल? वरून गाड्या जातात तो पूल की खालून नदी जाते तो पूल? माझ्या डोक्यात दोन्ही पूल एकदम दिसायला लागले.

आणि मग अंगणात माणसं जमली. पुढं हौसाकाकू.

"आवं सुभेदार! माझं लेकरू द्या! माझी सून द्या! मत घ्या न्हाईतर घर घ्या!"

तात्या बाहेर आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग सावकाश माझ्याकडं वळले. त्यांनी मला कधी ‘अगं’सुद्धा केलं नव्हतं. पण आता थेट सैन्यातली हिंदी निघाली. (ती निघाली की दिलीप कॉटखाली चप्पल शोधायला लागतो. पायात चप्पल असली तरी.)

"सूनबाई. सच बोलो. प्लॅन किसका है?"

"तात्या, कादंबरी..."

"कादंबरी कोण हाय ते मागनं बघू. फोनवर कोण बोललं?"

"वन्सं."

"शकी?" तात्यांचा आवाज चिरका झाला. स्वतःची मुलगी! "लाव फोन. समद्यांसमोर लाव."

मी लावला. स्पीकरवर टाकला. वन्संनी फोन उचलला, आणि मी काही बोलायच्या आत, तात्यांनी ‘हॅलो’ म्हणायच्या आत, त्या आनंदानं ओरडल्या:

"मंजू! वाईट झालं गं! तीन नंबरचा संपला! पुलावनं खाली ढकलला गं त्याला!"

हौसाकाकू अंगणात आडव्या झाल्या.

कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडला, कुणी "पोलिसांना फोन लावा" म्हणालं. दिलीप भिंतीला चिकटून इतका पांढरा पडला होता, की भिंत कुठं संपते आणि तो कुठं सुरू होतो ते कळेना. आणि फोनमधून वन्सं विचारत होत्या, "अगं, तुझं मत काय? मला तर वाटतंय बायकूच फितूर हाय!"

"शके, गप!" तात्या गरजले. त्या गर्जनेसरशी फोन बंद झाला. माझा नाही, आटपाडीचा.

मी आत पळाले आणि पुस्तक घेऊन आले. तात्यांसमोर धरलं. "हे बघा! ही कादंबरी. हा बघा तीन नंबरचा. इथं आहे, बेकरीवाला! बेकरी आहे का आपल्या संपतभावजींची?"

गर्दीतून एकजण म्हणाला, "लिवून आणलंय समदं. तयारी हाय पूर्ण."

तात्यांनी चष्मा लावला. पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, रक्ताचा थेंब बोटानं खरवडून पाहिला. मग म्हणाले, "सगळे खाली बसा. मी वाचतो. समद्यांसमोर वाचतो. ह्यात आमच्या घरानं काय पाप केलं असंल तर ह्यातच दिसंल."

आणि परेडच्या आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. पूल पडला. माणसं मेली. ठेकेदाराला कोर्टात उभा केला.

"थांबा तात्या," मागून एक आवाज आला. "पूल पडला म्हणून ठेकेदाराला कोर्टात उभा केला?"

"व्हय. असं लिवलंय."

"मग हाय ही कादंबरीच. वैनी खरं बोलत्यात."

पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं! मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पण बाकीच्यांचं समाधान झालं नव्हतं, म्हणून तात्या पुढं वाचत राहिले. हळूहळू जे व्हायला लागलं ते मी जन्मात विसरणार नाही. माणसं सरकून पुढं बसायला लागली. पोलिसांना फोन लावणाऱ्यानं फोन खिशात घातला. आणि आमच्या गावातले राजकारणातले सगळे जाणकार त्या परदेशी कादंबरीवर मत द्यायला लागले.

"बारा जणांना एकाच हाटेलात ठिवलं? चुकलं. एकमेकाला भेटत्यात की. चार गाड्या, चार गावं पायजेत."

"आणि मोबाईल काढून घेतलं न्हाईत अजून?"

"त्यो पाच नंबरचा बघा. पैसे घेतोय आणि दुसऱ्याला मत देणार. आपल्या मधल्या आळीच्या आण्णासारखा."

"आण्णाला मधी आणू नगा!" आण्णाच्या भावकीतला एकजण उठला.

"पण ही बाई नवऱ्याला न सांगता एवढं करती? नवरा कुठाय तिचा?"

यावर सगळ्यांनी दिलीपकडं बघितलं. दिलीपनं मान खाली घातली.

फोटोच्या पाकिटाचं पान आलं, तेव्हा तर अंगणात श्वासही ऐकू येईना. शुद्धीवर आलेल्या हौसाकाकू पदर तोंडाला लावून तात्यांच्या अगदी पायाशी बसल्या होत्या. "बाई बाई बाई! चुलीपतुर आला मुडदा! दार कुणी उघडं ठिवलं?"

तेवढ्यात त्यांच्याच कनवटीला फोन वाजला. "कोण हाय मधीच!" म्हणून त्यांनी तो उचलला आणि उभ्या राहिल्या.

मेढ्याहून त्यांच्या बहिणीचा फोन होता. संपत तिथं होता. जिवंत होता. गिरणीतली बातमी ऐकल्याबरोबर त्यानं बायकोला गाडीवर घातलं होतं, आणि पाठलाग चुकवायला गाडी पुलाखाली टाकून एसटीनं मावशीकडं गेला होता. आता तो घरातही थांबायला तयार नव्हता.

हौसाकाकू रडल्या. मीही रडले. माझं रडणं जास्त लांबलं.

तात्या उठले. "चला. आमच्यामुळं भ्यालाय, आमीच जाऊन घिऊन येणार."

मला जायचं नव्हतं, पण तात्यांना ‘नाही’ म्हणायला जे लागतं ते माझ्यात नाही. दिलीपनं मित्राची गाडी आणली. ती पांढरी व्हॅन निघाली, आणि काचा काळ्या! वर, संपतला विश्वास वाटावा म्हणून तात्यांनी मेडल लावलेला कोट आणि टोपी चढवली. आरशात स्वतःला बघून ते समाधानानं मिशीवर हात फिरवत होते. मला मात्र ते बघूनच कुठल्याही गुन्ह्याची कबुली द्यावीशी वाटली.

साताऱ्याच्या पुढं घाटाचा रस्ता लागला. माझ्या डोक्यात एकच चालू होतं: पोलीस, कोठडी, आणि पेपरात माझा फोटो. तोही आधारकार्डावरचा छापणार, ज्यात माझे डोळे मिटलेले आहेत! शेजारी हौसाकाकू बसल्या होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"वाच की पुढचं."

"काकू, आपण संपतभावजींना आणायला चाललोय!"

"त्यो काय पळून जातोय आता? मावशी जेवायला घालती त्याला. त्या पाव भाजणाऱ्याला कुणी ढकललं ते बघू."

मी वळणावळणाला सीट धरून मोठ्यानं वाचत होते. काकू मधेमधे मत देत होत्या. त्यांचं मत वन्संपेक्षा वेगळं पडलं. "ती बाई एवढी वाईट न्हाई गं. तिला कामाला लावून सोता घरात बसलाय, त्यो वाईट. त्याचं नावबी कुणी घेईना बघ." मी शिकलेली, पुस्तक माझं, आणि हे मला सुचलं नव्हतं.

मेढ्याच्या पुढं एका वस्तीवर मावशीचं घर होतं. आमची पांढरी गाडी अंगणात शिरली. दार सरकवून पहिल्यांदा उतरले ते मेडलवाले तात्या. घरामागून "आलं गं, आलं!" अशी किंकाळी ऐकू आली, आणि मागचं फणसाचं झाड गदागदा हलायला लागलं.

संपत झाडावर होता. पार शेंड्याजवळ.

झाडाखाली त्याची बायको उभी होती, हातात कोयता घेऊन. "मला उचलणार व्हय? उचला की! बघू कोण उचलतंय! दोघं न्हाई, चौघं आणा!"

गाडीतल्या काकूंना धरून आम्ही चौघंच होतो. आम्ही एक पाऊल मागं सरकलो.

"अगं, मी हाय!" हौसाकाकू गाडीतून ओरडल्या. पण घाईत त्यांच्या पदराचं टोक दारात अडकलेलं, त्यामुळं त्यांना बाहेर येता येईना. वरून संपतला दिसलं ते असं, की आपली आई काळ्या काचांच्या गाडीत अडकून पडलीय आणि हात हलवतेय.

"आईलाबी धरलं!" तो वरून रडवेल्या आवाजात ओरडला. "वैनी, मी काय वाकडं केलं हो तुमचं? मत घ्या माझं! आत्ता लिवून देतो! पर माझ्या माणसांना सोडा!"

मी झाडाखाली गेले. पुस्तक वर धरलं. "भावजी, ही कादंबरी आहे हो! खोटी गोष्ट आहे! आम्ही दोघी वाचत होतो!"

आणि मग मला त्याचा चेहरा दिसला. सुटलेला घाम, गालावर फणसाचा चीक, फांदीला घातलेली मिठी. त्याचे गुडघे इतके लटपटत होते, की खालची पानं टपटप गळत होती. तसला चेहरा त्या बेकरीवाल्याचा झाला, तेव्हा मी शेंगदाणे खात खात ‘काय मस्त लिहिलंय’ असं वन्संना कळवलं होतं. आता मी ते पुस्तक पदराखाली घेतलं. आम्ही दोघं एकमेकांना भिऊन एकमेकांकडं बघत उभे राहिलो, तो वर, मी खाली.

मग सगळ्यात अनपेक्षित गोष्ट झाली. दिलीप पुढं आला. म्हैस दिसली की माझ्या मागं उभा राहणारा दिलीप!

"संपत, गड्या, मत कुणालाबी दे. न्हाई दिलंस तरी चालंल. पर खाली ये. ती फांदी वाळकी हाय रं."

"लबाड बोलतोयस तू!"

"आवाज ऐक तिचा."

सगळ्यांनी वर बघितलं. फांदीनं आवाज दिला. कडाक!

दुसरा कुणीही मागं सरला असता. (मी सरले.) दिलीप मात्र दोन्ही हात पसरून बरोबर खाली जाऊन उभा राहिला, आणि संपत, फांदी आणि एक मध्यम आकाराचा फणस असे तिघं मिळून त्याच्यावर आले.

संपतला खरचटलंसुद्धा नाही. फणसही धड राहिला. दिलीपचा उजवा हात मोडला.

साताऱ्याला दवाखान्यात नेईपर्यंत संपत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दिलीप कण्हत होता. तात्या गाडी चालवत होते आणि सारखी टोपी काढून डोळ्यांना लावत होते. संपतची बायको कोयता तसाच हातात धरून माझ्या शेजारी बसली होती, आणि मी श्वास बेतानं घेत होते.

निवडीच्या दिवशी पंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. दिलीप प्लास्टर गळ्यात अडकवून आला. तात्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर विचारलं, "संपत, भिऊन मत देणार असशील तर देऊ नगंस. माझ्या पोराची निवड ऱ्हाऊ दे."

संपत उठला. "तात्या, भिऊनच पळालो व्हतो, खोटं कशाला बोलू? पर फणसाखाली कोण उभं ऱ्हायलं ते मी वरनं बघितलंय." आणि त्यानं हात वर केला.

मला हुंदका आला. इथं गोष्ट संपली असती तर किती सुंदर झालं असतं! पण मतं मोजायची वेळच आली नाही. समोरच्या उमेदवारानं तिथल्या तिथं माघार घेतली. का, ते त्यानं बाहेर आल्यावर हळूच सांगितलं, आणि हळूच सांगितल्यामुळं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. "जी बाई मतासाठी सोताच्या नवऱ्याचा हात मोडती, ती आमचं काय काय मोडंल?"

निवड बिनविरोध झाली.

वन्संचा निरोप आला. (मी तो चार भिंतींच्या आत, गोधडीत डोकं घालून ऐकला.) "बघ मंजू, मी म्हणत न्हवते? तीन नंबरचा धर म्हणून!"

परवा दुपारी दारात एक पांढरी गाडी थांबली. पांढऱ्या कपड्यातला एक अनोळखी गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन उतरला. आपण पलीकडच्या तालुक्यातले, असं म्हणाला. वाकून नमस्कार केला, आणि आजूबाजूला बघून हळूच बोलला, "वैनी, आमच्यात सोसायटीची निवडणूक लागलीया. थोडं तुमच्या पद्धतीनं बघितलं असतं तर..."

मी हात जोडले. "अहो, मी... मी साधी वाचक आहे हो!"

त्यानं समजुतीनं मान हलवली. "व्हय व्हय. आमच्याकडंबी एक वाचक हाय. सध्या आत हाय, म्हणून तर तुमच्याकडं आलो."

मी त्याच्या तोंडावर दार लावलं, वरची कडी घातली, खालची घातली, मधे तांदळाचं पोतं सरकवलं आणि त्यावर बसून थरथर कापत राहिले. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आणि देवाशपथ सांगते, ती गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत माझ्या मनात एकच हळहळ होती: एकूण किती जण फोडायचेत, ते विचारायचं राहूनच गेलं!